रिठावरची अंगणं

आमच्या भागात एखादं गाव उठलं, म्हणजे माणसं निघून गेली आणि घरं पडून गेली, की त्या जागेला रीठ म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते. गुरं राखणारे म्हणायचे, अमक्या रिठावर यंदा गवत बरं आलं. बायका म्हणायच्या, रिठाच्या वाटेनं भर दुपारी एकटी येऊ नको. चूल म्हणावं, पाणी म्हणावं, तितका तो रोजचा शब्द होता. फक्त तो नेहमी दुसऱ्याच्या गावाचा असायचा.

माझ्या माहेराला तो लागला तेव्हा मी सासरी होते. नांदायला येऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. उन्हाळा होता आणि घराच्या धाब्यावर माती टाकायची होती. आमची घरं धाब्याची. लाकडाच्या सऱ्यांवर काड्या आणि पालापाचोळा घालायचा आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर द्यायचा. ही माती पाणी आत उतरू देत नाही. पण ती काळ्या वावरात मिळत नाही. जिथं माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वस्ती केली, तिथलीच माती पांढरी होते. म्हणून उठलेल्या गावांची माती लोक गाड्या भरभरून आणतात.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर माझे थोरले भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, मामाजींना, माझ्या सासऱ्यांना, म्हणाले की उद्या रिठावर गाड्या नेतो, तिथली पांढर चांगली आहे. मी भाकर वाढत होते. आत आल्यावर जावेला विचारलं, कोणतं रीठ? तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूच म्हणाली, "तुयं माहेर, बाई."

माझं माहेर दोन कोसांवर, टेकाडाच्या पलीकडं. नाल्याकाठी वसलेलं छोटं गाव, पारावर मारुती, एक विहीर. बाजार करायला लोक केनवडला जायचे. माझं लग्न झालं आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी तापाची साथ आली. लोक तिला मानमोडी म्हणत, कारण दोन दिवसांच्या तापात माणसाची मान लुळी पडायची. सासरच्या गावातही माणसं गेली, पण माहेरी घरंच्या घरं गेली. माझी माय गेली, बा गेला. उरलेल्यांनी हाय खाल्ली आणि एकेक घर निघालं. माझा भाऊ अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला लागला. तो जाताना मला भेटून गेला होता. गाव उठलं, हे मला माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं घरं तशीच उभी होती, दारं लावलेली, कोणी परत येऊन कडी काढेल अशी. रीठ हा शब्द ऐकला तेव्हा पहिल्यांदा ती घरं पडली.

माहेरच्या घरात माझी एक आत्याही होती. बाची धाकटी बहीण, लहानपणीच विधवा होऊन परत आलेली. मला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. भाऊ म्हणाला होता की आत्या केनवडकडच्या नातलगांकडं गेली. मी ते धरून चालले.

दुसऱ्या दिवशी गाड्या पहाटे गेल्या आणि दुपार कलायच्या आत रिकाम्या परत आल्या. भासरे बैल सोडून ओसरीवर बसले आणि पाणी मागितलं. बरोबर गेलेल्या गड्यानं मात्र गोठ्यात सासूबाईंना सांगितलं आणि मी ते दाराआडून ऐकलं. तो म्हणाला की तिथं अंगणं सारवलेली आहेत. घर एक नाही, भिंती कमरेएवढ्या उरल्यात, पण पडक्या दारापुढची अंगणं शेणानं सारवलेली, काही ओलीसुद्धा. वर रांगोळीच्या दोन दोन रेघा. माणूस मात्र कुठं नाही. मारुतीला ताजा शेंदूर. भासऱ्यांनी कुदळ मारली नाही, गाड्या वळवल्या.

सासूबाईंनी गड्याला गप्प केलं. पण बोलणं कुठं थांबतं? मग कळलं की गुराख्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. रिठावर एक बाई दिसते, असं ते म्हणत. ती दुपारच्या वेळी दिसते. कोणी जवळ गेलं तर विचारते, "कोनाच्या घरचा रे बापू तू?" म्हणून ते पाराजवळ तिच्या नावानं भाकर ठेवत आणि मागं न बघता निघून येत. भाकर दुसऱ्या दिवशी नसायची.

ते वाक्य ऐकलं आणि मी हातातलं काम टाकून उठले. आमच्या गल्लीत कोणतंही पोर दिसलं की आत्या याच शब्दांत हाक मारायची. मी मामाजींपुढं सहसा उभी राहत नसे. त्या संध्याकाळी राहिले. म्हटलं, ती माझी आत्या असेल तर ती जिवंत आहे, आणि नसेल तरी मला बघायचं आहे. मामाजी कडक माणूस, पण त्यांनी तंबाखू मळायची थांबवली आणि सकाळी गाडीत बसायला सांगितलं.

टेकाड उतरताना मला गाव ओळखू आलं ते कडुनिंबांवरून. झाडं होती तशीच होती. त्यांच्या खालची घरं मात्र मातीत मिळाली होती. दारं, चौकटी, सरे, सगळं लाकूड आसपासच्या लोकांनी नेलं होतं. नुसत्या भिंतींचे वळ उरले होते. ऊन असं की पाखरूही बोलत नव्हतं. आणि त्या सगळ्या पडझडीत जागोजागी चौकोनी अंगणं स्वच्छ सारवलेली. अंगणाच्या पलीकडं दार नाही, दाराच्या पलीकडं घर नाही. बैलांनी पाय रोवले, ते पुढं येईनात. मामाजी खाली उतरले आणि आम्ही पायी गेलो.

मी आमच्या घरासमोर उभी राहिले. चुलीच्या जागी तरवड उगवला होता. अंगणात पाऊल ठेवायचं माझ्यानं होईना, कारण सारवण अजून ओलं होतं आणि त्यावर बोटांचे अर्धगोल उमटले होते. आत्याच्या हाताचं सारवण मी कुठंही ओळखलं असतं. ती उजवीकडून डावीकडं हात फिरवायची.

ती नाल्याकडून आली. डोक्यावर शेणाची पाटी. वाळून लाकूड झाली होती, लुगड्याच्या चिंध्या झाल्या होत्या, पण केस नीट बांधलेले. मला बघून ती दचकली नाही की रडली नाही. पाटी उतरवली आणि म्हणाली, "आलीस का? पाय धुवून घे. तुई माय वावरात गेली, येईन आता."

मी तिला मिठी मारली. तिच्या अंगाला शेणाचा आणि उन्हाचा वास येत होता, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होती, जिथं वाट वावराकडं जायची.

हळूहळू उलगडलं ते असं. भाऊ समजला की ती केनवडला गेली. केनवडचे समजले की ती भावाबरोबर अकोल्याला गेली. ती कुठंच गेली नव्हती. सुरुवातीला तिनं घरात उरलेली जवारी दळून खाल्ली, मग वावरांत सांडलेली कणसं वेचली आणि पाराजवळ ठेवलेल्या भाकरीवर दिवस काढले. ती भाकर गावातल्याच बाया आणून ठेवतात, असं ती म्हणाली. कोणत्या बाया, ते तिनं नातं सांगून सांगितलं. त्यातली एकही जिवंत नव्हती.

मामाजी पारावर बसून ऐकत होते. ते तिला मऊ आवाजात म्हणाले की बाई, हे आता रीठ झालं, इथं एकटीनं राहू नये. तिला तो शब्द लागला नाही. उलट तिनं तो मामाजींना समजावून सांगितला. "रिठ्याचं फळ पाह्यलं ना तुमी? वरचं साल सुकते, गयून जाते. आतलं बी खुळखुळ वाजत राह्यते. गावाचं तसंच हाये, दादा. साल गेलं म्हून त्याले रीठ म्हन्तेत. बी आतच हाये."

मामाजींनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. 

पुष्कळ वर्षांनी, माझा मुलगा शाळेत जायला लागल्यावर, मी त्याच्या गुरुजींना या शब्दाचं विचारलं होतं. ते म्हणाले की संस्कृतात एक धातू आहे, रिष्, म्हणजे इजा होणं, नाश होणं. त्यापासून रिष्ट, म्हणजे मोडलेलं, नासलेलं. त्या रिष्टाचं बोलता बोलता रीठ झालं असावं. फळाचा रिठा अरिष्टापासून आला म्हणतात, तेव्हा दोन्ही शब्द दूरचे भाऊबंद निघाले तरी नवल नाही. पण खात्रीनं काही सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. मी त्यांना आमच्याच भागातल्या रिठद गावाचं विचारलं, कारण लहानपणी त्या नावाची मला भीती वाटायची. ते हसले. म्हणाले, ते भरलेलं गाव आहे, तिथं माझी बहीण दिली आहे. गुरुजींचं खरं की आत्याचं, मला ठरवता येत नाही. आत्याचं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही.

आत्या यायला तयार झाली, पण चार दिवसांसाठी. आणि सांगितल्याशिवाय निघणार नाही म्हणाली. मग ती एकेका अंगणापुढं गेली. आत पाय न टाकता बाहेरून म्हणायची, "जाऊन येतो माय, पोरीच्या घरी." मग थांबायची. कोणी बोलत असताना आपण जितका वेळ गप्प राहतो, तितकाच वेळ. मग पुढच्या अंगणाकडं. विहिरीजवळच्या घरापुढं ती जास्त वेळ थांबली, हसली आणि म्हणाली, "हो, आनतो." काय आणायला सांगितलं, हे मी तिला गाडीत विचारलं. ती म्हणाली, सुई-दोरा.

सासरी ती पहिले काही आठवडे बरी होती. पहाटे उठून दळायची, तूर निवडायची, जावेचं तान्हं मांडीवर घेऊन बसायची. खायला मिळाल्यावर अंगावर मूठभर मांस आलं. सासूबाईंना तिचं काम आवडलं. मामाजींनी त्या साली धाब्याची माती दुसरीकडून आणली.

मग एका सकाळी आमच्या गल्लीच्या टोकाच्या घराचं अंगण सारवलेलं दिसलं. त्या घरची बाई आधी खूश झाली. तिला वाटलं, म्हातारीनं हौसेनं केलं असेल. पण दुसऱ्या पहाटे ती मुद्दाम लवकर उठून बाहेर आली, तेव्हा आत्या तिथं वाकून सारवत होती. बाईनं हाक मारली. आत्यानं मान वर केली नाही. बाई अगदी समोर जाऊन उभी राहिली. आत्यानं तिच्या पायांभोवतीनं हात फिरवला, जसं आपण अंगणातल्या दगडाभोवतीनं फिरवतो, आणि रांगोळीच्या दोन रेघा ओढून निघून आली.

ती बाई रडत आमच्याकडं आली. मी आत्याला बाजूला घेऊन विचारलं, दुसऱ्याच्या दारात कायले जातेस? ती अगदी शहाण्या माणसासारखी बोलली. ओसाड घराचं अंगण तरी कोणी राखायला नको का, असं म्हणाली. त्या घरात सहा माणसं राहत होती. मी तिला नावंनिशी सांगितली. ती ऐकत होती आणि माझी कीव करत होती, असं मला वाटलं.

त्या घराचे दोन्ही बैल त्याच पावसाळ्यात गेले. खुरकूत आली होती, आसपासच्या पुष्कळ गावांत जनावरं मेली. हे मी तेव्हाही स्वतःला सांगत होते, आजही सांगते. पण दिवाळीच्या आधी ते कुटुंब सामान बांधून खानदेशात निघून गेलं आणि दाराला खरंच कुलूप लागलं. मग गावातल्या बाया आत्या दिसली की पोरं आत घ्यायला लागल्या. पहाटे कोण उठतं, कोणाच्या अंगणात पाणी पडल्याचा आवाज येतो, याकडं सगळ्या गल्लीचे कान लागलेले असत. कोणी उघड भांडायला आलं नाही. भांडायला आले असते तर बरं झालं असतं.

आमच्या घरचं अंगण माझ्याकडं होतं. आत्यानं त्याला कधी हात लावला नव्हता. थंडीत एका सकाळी मी पाटी घेऊन दार उघडलं तर अंगण सारवून झालेलं होतं. उजवीकडून डावीकडं बोटांचे अर्धगोल आणि उंबऱ्यापुढं दोन रेघा. आत्या कडेला उभी राहून हात धूत होती. नुकतं उजाडत होतं. मी तिला म्हटलं, आत्या, हे आपलं घर आहे.

ती दाराकडं बघत होती. दारात मी होते, माझ्यामागं सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, आत तान्हं रडत होतं. आत्यानं विचारलं, "कोनी हाये का घरात?"

"मी हाये, आत्या."

ती थांबली. रिठावरच्या अंगणांपुढं थांबायची तशीच थांबली, ऐकून घेतल्यासारखी. मग मान हलवून म्हणाली, "बरं माय. सांगतो तुया मायले." आणि वळली.

मी अंगणात उतरले आणि तिचा हात धरला. हात गार होता. तिनं तो सोडवला नाही, पण धरलाही नाही. सासूबाई खाली बसल्या आणि पदरानं ती रांगोळी पुसू लागल्या.  माझं स्वतःचं एक आठवतं. मी आपल्या दोन्ही मनगटांवरच्या बांगड्या वाजवून बघितल्या.

त्याच दिवशी आत्या निघाली. तिला कोणी जा म्हटलं नाही. तिनं सासूबाईंकडून सुई-दोरा तेवढा मागून घेतला. मामाजींनी गाडी जुंपली, तर ती नको म्हणाली, म्हणून मी टेकाडापर्यंत तिच्याबरोबर चालले. वाटेत ती माझ्याशी बोलली, मला ओळखलं, माझ्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या. घरापासून जितकं दूर आलो तितकी ती पहिल्यासारखी होत गेली. टेकाडावर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी म्हटलं, तू माझ्या घरात का राहत नाहीस? ती म्हणाली की तुझं घर चांगलं आहे, पण तिथं फार सुनं वाटतं.

मामाजींनी पारामागं तिला कुडाचं एक खोपट घालून दिलं. दर बाजाराच्या दिवशी आमच्याकडून जवारी, मीठ, तेल जायचं, आणि कधी कधी मी स्वतः जायची. ती बरी दिसायची. सगळी अंगणं राखलेली असायची. मी गेले की ती मला कोणाकोणाचे निरोप द्यायची आणि मी ते ऐकून घ्यायची. पुढं पुढं मला त्याची भीती वाटेनाशी झाली. फक्त मायचा निरोप असेल तेव्हा मी उठून जायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात एक गुराखी आमच्या दारात आला. म्हणाला की रिठावरची अंगणं भेगाळली आहेत. बाकी काही त्याला सांगावं लागलं नाही. आम्ही गेलो तेव्हा आत्या मारुतीपुढं आडवी पडलेली होती, डोक्याखाली पदराची घडी, लुगडं नवं. ते लुगडं आम्ही दिलेलं नव्हतं. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेलं होतं, बारीक टाक्यांनी, आणि तुकडे निरनिराळ्या काठांचे होते. एक काठ माझ्या मायच्या लुगड्याचा होता. बाकीचे कोणाचे, ते मी ओळखायचा प्रयत्न केला नाही. मामाजींनी नाल्याकाठी तिला अग्नी दिला.

मला पुढं चार मुलं झाली. सासर भरलेलं राहिलं, आमच्यावर काही आलं नाही. तरी कितीतरी वर्षं मी घरात सगळ्यांच्या आधी उठायची आणि दार उघडण्यापूर्वी थोडी थांबायची.

आत्या गेल्यावर रिठाला राखणारं कोणी उरलं नाही. चहूकडच्या गावांनी पांढर नेली. गाड्या जात राहिल्या, भिंती गेल्या, मग भिंतींखालची जमीनही खणून गेली. पटवाऱ्याच्या कागदात गावाचं नाव अजून आहे, सारा लागतो, फक्त वस्तीच्या जागी काही नाही.

माझा भाऊ एकदा अकोल्याहून आला, तोवर त्याचे केस पिकले होते. त्याला गाव बघायचं होतं. आम्ही दोघं टेकाड उतरून गेलो तर सगळीकडं पराटी उभी, बोंडं फुटलेली. कडुनिंबही तोडलेले. तो म्हणाला आपलं घर इथं होतं, मी म्हटलं नाही, त्या बाजूला. आम्ही पराटीत इकडून तिकडं फिरत राहिलो. एक अनोळखी माणूस कापूस वेचत होता. त्याला वाटलं, आमची वाट चुकली. त्यानं हाक मारून विचारलं, "कोन्या गावचे तुमी?"

भावानं अकोला सांगितलं. मी माझ्या सासरचं नाव सांगितलं. त्यानं आम्हांला बांधावरून जायची वाट दाखवली आणि आम्ही त्या वाटेनं निघालो.